उभा राहिला तरी एक गुण

"डॉक्टरनं डोळ्याचं सांगितलं ते अर्पितासमोर काढू नको. उभा राहिला तरी एक गुण भेटतो." रामप्रसाद हे माझ्या पाठीमागं आपल्या धाकट्या भावाला, कल्याणला बोलला. माझ्या पुढच्या बाजूला कल्याणची नवी बायको अर्पिता खडू घेऊन सगळं ऐकत बसली होती.

मी टेंभुर्णीचा गुणफलक बोलतोय. पूर्वी मी अडतीवर मक्याचे, सोयाबीनचे भाव सांगायचो. भाव मोबाइलवर आले आणि मी भिंतीकडं तोंड करून पडलो. मग रामप्रसादनं मला काळा रंग देऊन गावच्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या संघासाठी उभं केलं. म्हटलं, बरं झालं, पुन्हा माणसांत आलो.

नियम सोपे. पाच गडी, पाच लढती. जिंकणाऱ्याला तीन गुण. हरला पण तिन्ही फेऱ्या टिकला, तर एक. मध्येच सोडली, तर शून्य.

माझ्यावर लिहायची अर्पिता. अक्षर गोल, टपोरं. मोठ्या दिरासमोर तोंड उघडायची तिच्या सासरी रीत नव्हती. लिहायला मात्र मोकळीक होती.

भोकरदनच्या संघाशी चार लढती झाल्या तेव्हा आम्ही आठ, ते सहा. पाचवी कल्याणची. सरावात त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा दुखावला होता, आता एक ठोसाही नको होता. अर्पितानं घंटेआधीच त्याच्या नावापुढं शून्य लिहिलं.

रामप्रसाद हसला. "लई जल्दी चालून राह्यला हात तुझा. घंटा तं होऊ दे." तळहातानं त्यानं ते पुसून टाकलं.  

कल्याण हरला, पण उभा राहिला. नऊ-नऊ, बरोबरी. जिंकणाऱ्या संघाची ढाल सहा महिने आमच्याकडं, सहा महिने भोकरदनला. कल्याणचा डावा डोळा मात्र कुणाच्याच वाटणीत आला नाही. तो चहाचा कप घ्यायला जातो, तर बोटं कपाच्या अलीकडंच मिटतात.

त्या दिवसापासून मी कल्याण-अर्पिताच्या ओसरीत आहे. नऊ-नऊ अजून अंगावर तसंच. काल रामप्रसाद आला. "अर्पिता, रविवारी सामने हायेत. फळा पुसून ठिव. अक्षर तुझंच पाहिजे."

मला पुसू नका, चुलीत घाला, एवढंच मला म्हणायचं होतं. पण फळ्याचं कोण ऐकतं.

अर्पितानं ओलं फडकं खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "भाऊजी, ते शून्य चुकून लिहिलं न्हवतं मी."