हवाबंद खोकं

सायलीने पेटती उदबत्ती खोक्याच्या सांध्यालगत धरली आणि दुसऱ्या हाताने स्पीकरचा पडदा हलकेच आत दाबला. सरळ वर चाललेला धूर मागच्या कोपऱ्याशी येताच एकीकडे पळाला. म्हणजे हवा अजून निसटत होती. चाकणच्या कंपनीत ती दिवसभर टाक्यांची गळती शोधायची, पण या प्लायवूडच्या खोक्याने तिच्या नाकी नऊ आणले होते. तिने त्या फटीत सिलिकॉन भरलं आणि बोटाने दाबून सारखं केलं.

"एवढा खटाटोप कुणापायी?" गोजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुझ्या बापाला ऐकू तरी येतंय का?"

"कानाने नाहीच येणार, आई."

तिच्या वडिलांचे, सोपानरावांचे, कान कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या धडधडाटाने नेले होते. कानाचं मशीन लावलं तर नुसता भांड्यांचा खणखणाट. देवळात भजनाला वाजवायचा पखवाज त्यांनी मंडळातल्या धोंडीबाच्या हवाली केला, घरचा कपाटावर टाकला आणि त्याचं नाव काढणं सोडलं. आपलंच वाजवणं आपल्याला ऐकू येत नसेल तर हात कशाला लावायचा, असा माणूस. सायलीला तो आवाज एकदा, एकदाच, त्यांना परत द्यायचा होता.

पुढच्या रविवारी धूर कुठेच हलला नाही. तिने वडिलांना ओढत आणलं, त्यांचे दोन्ही तळवे खोक्यावर टेकवले आणि एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावलं.

खोकं घुमलं. फडताळातली ताटं थरथरली. सोपानराव आधी गोंधळले, मग त्यांचे डोळे मिटले आणि बोटं आपसूक ताल धरू लागली. कोंडलेली हवा काय करते हे सायली शिकलेली होती, तरी समोरचं तिला खरं वाटेना.

एवढ्यात त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वाजवतोय कोन?"

"धोंडीबाकाका," ती ओठ सावकाश हलवत म्हणाली.

"पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक कमी थापलीय त्यानं. म्हनून घुमार न्हाई."

सायलीने पुन्हा कान देऊन ऐकलं. तिला काहीच फरक कळेना. ती नुसती त्यांच्या तळव्यांकडे बघत राहिली.

रेकॉर्डिंग चालूच होतं. सोपानराव मात्र उठले, कपाटावरचा पखवाज खाली घेतला, खांद्यावरच्या टॉवेलने पुसला आणि मांडीवर धरून बसले. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी हाक दिली,

"अगं, जरा कणीक भिजव. सैलसर."

गोजाबाईंनी पिठाचा डबा उघडला.