वैनींचा हात लागला म्हणून

भवानीनगरच्या दादासाहेबांनी शहाण्णव साली पाडव्याला एसीची गाडी घेतली. पूजेला पाच सवाष्णी बोलावल्या. दादासाहेबांच्या पत्नी लीलाबाई यांनी गाडीच्या आतसुद्धा मनसोक्त हळदकुंकू उधळलं. दादासाहेबांनी तर बाहेर फोडलेला नारळ आत नेला आणि सगळं पाणी एसीच्या बटणांवर ओतलं. "आता ऱ्हा थंड!" ते म्हणाले, आणि मंडळी खो खो हसली.

थोरल्या भावाची विधवा प्रयागबाई पडवीत खांबाआड उभी होती. आई गेल्यावर दादासाहेबांना ह्याच वैनीनं लहानाचं मोठं केलं होतं. पण पूजेत तिला जागा नव्हती. एवढ्यात दादासाहेबांच्या धाकट्या छकुलीचं बोट गाडीच्या दारात चेमटणार असं दिसलं, म्हणून ती धावली आणि तिनं दार धरलं. तेवढाच काय तो तिचा हात लागला!

मे महिन्यात प्रयागबाईच्या लेकीच्या, वैष्णवीच्या, बाळाचं पळसदेवला बारसं निघालं. दुसरं बाळंतपण सासरीच झालं होतं. प्रयागबाईनं रोज दुपारी बसून नातीसाठी कुंची शिवली होती. सगळे गाडीत बसून निघाले. इंदापूर कोसभर राहिलं असताना एसीतून गरम वाफ यायला लागली. छकुलीला गार लागतं म्हणून सरकवलेली थंड-गरमची कळ काही केल्या मागं हलेना. छकुली रडू लागली.

लीलाबाई मागं वळल्या. "पाडव्याला जाऊबाईंचा हात लागला, तवाच मी म्हनलं हुतं!"

दादासाहेबांनी गाडी थांबवली. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, मागचं दार उघडलं.

"वैनी, तुमी येष्टीनं या."

"दादा, बारा वाजल्यात. हितं येष्टी थांबत न्हाय."

"मग फुडं स्टँडापर्यंत चाला की."

प्रयागबाई कुंचीची पिशवी घेऊन उतरली. गाडी पुढं गेली. गरम हवा तशीच येत राहिली.

ती पळसदेवला पोचली तेव्हा बारसं उरकलं होतं. बाळाच्या डोक्यावर विकतचं टोपरं होतं; कुंची पिशवीतच राहिली. आईच्या पायाचे फोड बघून वैष्णवी पाळण्याकडं पाठ करून रडली.

पुढच्या आठवड्यात गाडी बारामतीला दत्तोबा मिस्त्रींकडं गेली. म्हाताऱ्या दत्तोबांनी फ्यूज पाहिला, गॅस पाहिला. दोन्ही ठीक होतं.

"मिस्त्री, त्यात काय न्हाय घावायचं. घरातल्या विधवेचा हात लागलाय गाडीला," दादासाहेब म्हणाले.

दत्तोबांनी बटणांचं पॅनेल सोडवलं. आतल्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्यागार कळकल्या होत्या. कळ सरकते त्या खाचेत कुंकवाचा चिकट राडा वाळून घट्ट बसला होता.

"नारळाचं पानी वतलं हुतं का हितं?"

"व्हय. पाडव्याला."

"कुनी?"

दादासाहेबांनी स्वतःकडं बोट केलं.

"तुमच्या पान्यानं करंट तुटला आन् कुंकवानं कळ गरमावरच चिकटली. त्या माउलीनं काय धरलं हुतं?"

"दार."

दत्तोबांनी दार उघडून लावून दाखवलं. "बघा, कसं झकास लागतंय! माझी आईबी तशीच हुती, दादासाहेब. लग्नघरात तिला कुनी फुडं येऊ देत नसत, पर पंगतीला भाकरी तिच्याच हातच्या लागायच्या. तुमी सकाळी कुनाच्या हातचं खाऊन आलाय?"

वैनीच्याच हातचं! दादासाहेबांना शरमेनं मान वर करता येईना.

पुण्याहून नवं पॅनेल यायला दीड महिना गेला. गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी दादासाहेबांनी सगळ्यांसमोर पुढचं दार उघडलं. "वैनी, गाडी मी बिघडवली आन् शिक्षा तुमाला केली. चुकलो. बसा, पळसदेवला जाऊ."

"नगं दादा. मला येष्टीच बरी. तिच्यातनं कुनी उतरवत न्हाय."

ती कुंचीची पिशवी घेऊन चालू लागली. दादासाहेबांनी गाडीची किल्ली लीलाबाईंच्या हातात दिली आणि ते वैनीच्या मागोमाग स्टँडवर गेले. एसटीत बसायला एकच जागा होती. तिथं वैनीला बसवून ते पळसदेवपर्यंत उभे राहिले.

वाचकहो, घरात काही बिघडलं की विधवेकडं बोट दाखवायची खोड शिकल्यासवरल्या घरांतही आहे. आधी आपले हात तपासा, आणि वेळेवर तपासा! दादासाहेबांना चूक उमगली, पण तोवर बाळाला कुंची होईनाशी झाली होती.