उरलेलं वजन

उंबऱ्याबाहेर चपलांचे चार जोड होते. आत पाहुणे पाच होते: मुलगा चन्नवीर, त्याची आई निंगव्वा, मामा नागप्पा, मामी आणि मध्यस्थ. उप्पिटाच्या बशा देताना मी पाय पाहत गेले. अनवाणी होता तो मुलगाच. त्याच्या टाचांना ओली काळी माती होती आणि सोलापुरात तर दोन महिने पाऊस नव्हता.

"जावईबापूंच्या चपला कुटं गेल्या?" माझ्या आईने हसत विचारलं.

"सवय हाय त्याला," मामा घाईने म्हणाला. "अक्कलकोटास्नं असाच येतोय की."

"एस.टी.नं?" मी विचारलं.

मुलीने प्रश्न विचारायचा नसतो. मामी लगेच उप्पिटाचं कौतुक करू लागली.

पदार्थविज्ञान घेऊन मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. मुलगी फार शिकलेली म्हणून दोन स्थळं परत गेली होती. या लोकांनी मात्र हुंडा मागितला नव्हता, पत्रिका मागितली नव्हती. ज्यांना काहीच नको असतं त्यांना काहीतरी लपवायचं असतं, असं माझं मत होतं. फिट्स, कोड, दुसरं घर, अशी यादी मी मनात केली होती.

तेवढ्यात निंगव्वा बाकावर बसली आणि बाकाचा पाय मोडला. बाई काडीसारखी होती. त्याच बाकावर माझ्या वडिलांचे, अप्पांचे, आडतीवरचे तीन हमाल रोज दाटीवाटीने बसत.

"बाक जुनाच हाय, अव्वा," आई तिला उठवत म्हणाली. पण तिला एकटीला ते जमेना. मामा आणि चन्नवीर दोघांनी धरून उठवलं. चन्नवीरने खाली मान घातली. यादीत नसलेलं काहीतरी आहे, हे माझ्या लक्षात आलं.

मामानेच मग सुचवलं, "शिकलेली पोरगी हाय, दोन शब्द बोलू द्या दोघांना." आम्ही मागच्या अंगणात गेलो. तो माझ्यापासून लांब, भिंतीला टेकून उभा राहिला आणि तोंडाने श्वास घेऊ लागला.

"न्हाय म्हणा," तो म्हणाला. "काळा हाय म्हणा, अडाणी हाय म्हणा. कायबी सांगा."

"मग तुम्हीच का नाही म्हणत?"

"माझ्या हातात न्हाय ते. गेल्या बाजाराला तुमी आडतीवर अप्पांचा डबा घेऊन आलता, तवाच ठरलं. आमच्यात वासावर ठरतं. एकदाच."

"आमच्यात म्हणजे कोणात?"

त्याने घराच्या दाराकडे पाहिलं.

"अमावास्येला बाजार बंद असतो," मी म्हणाले. "दुपारी आमच्या आडतीच्या गोदामात या. खरं सांगा. नाही आलात, तर मी हो म्हणेन."

तो आला, तोही अनवाणी. धान्याच्या थप्प्यांमध्ये उभा राहून त्याने सांगितलं, आणि मी मधे मधे विचारत गेले.

"त्या दिवशी पायीच आलतो. चारी पायांनी. मामानं पिशवीत कपडे आणले, चपला इसरला."

"लांडगा?"

"व्हय."

"आणि बाक?"

"अव्वाचं तसं न्हाय. ती माणूसच हाय, तुमच्यासारखी. बाबा लांडगा झाले की अंगानं ल्हान व्हायचे. उरलेलं वजन अव्वाच्या अंगावर जायचं. बाबा परत आले की ते परत." त्याने पोत्यावरून बोट फिरवलं. "एकदा वेळापूरकडं त्यांना कुणीतरी गोळी घातली. लांडगा असताना. ते वजन अव्वाकडंच राहिलं. सात वर्सं झाली. जिना चढत न्हाय ती."

मला त्याची दया आली नाही. राग आला, कारण पुरावा नव्हता आणि तरीही मी ऐकत होते.

"तुमचं वजन आजवर कुठं जायचं?"

"कुटंच न्हाय. जड लांडगा हुतो मी. चिखलात रुतायचो. तुमाला बघितल्यापास्नं हलकं वाटतंय. पण ते मनाचं असंल. लगीन झाल्याबिगर वजन बायकोकडं जात न्हाय म्हणतात. तवा न्हाय म्हणा. मी लांब नातेपुत्याला जाऊन ऱ्हातो."

गेल्या आठवड्यात दोनदा जिन्यावर माझे पाय अचानक जड झाले होते. ते मी त्याला सांगितलं नाही.

गोदामात पोती जोखायचा मोठा काटा होता. आधी मी उभी राहिले आणि दांडीवरचं वजन सरकवलं: सेहेचाळीस. मग त्याला रिकामं बारदान दिलं आणि पाठ फिरवली. तो कपडे उतरवून, ते गुंडाळून काट्यावर चढला. बारदानाचं एक किलो वजा जाता बासष्ट.

"आता व्हा," मी म्हणाले.

"गिरिजाबाई, नको."

"मी डोळे मिटणार नाही."

मी मिटले नाहीत. तरीही माणूस नेमका कुठे संपला ते मला सांगता येणार नाही. बारदान घसरलं आणि त्यावर राखाडी लांडगा उभा होता, कान मागे पाडलेला. माझे गुडघे वाकले. भीतीने असेल, असं मी स्वतःला बजावलं. पोत्यांचा आधार घेत काट्याशी गेले. बारदान वजा जाता तेवीस. एकोणचाळीस कमी.

तो उडी मारून दाराकडे धावला. दाराला कडी होती.

"थांबा," मी म्हणाले. "नाही म्हणायचं की नाही ते मी ठरवणार, मामा नाही आणि तुम्हीही नाही. पण मला मोजल्याशिवाय ठरवता येत नाही."

तो वळला. सावकाश परत आला आणि माझ्या पायाशी बसला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. केस राठ होते, खाली अंग तापलेलं होतं आणि तो थरथरत होता. थरथर थांबेपर्यंत मी हात काढला नाही.

मग बारदान बाजूला केलं आणि एकेक पाय उचलत काट्यावर चढले. फळी करकरली. वजन सरकवत नेलं. दांडी पंच्याऐंशीवर समपातळीत आली.