उपरण्याची गाठ आणि लोणारचे पक्षी

जोडीने केलेल्या पुण्याला मोजमाप नसते, असे शास्त्र सांगते. ते लिहिणारे सडेफटिंग असावेत. लोणारच्या तळ्याकाठी चौथ्या देवळापर्यंत रमाकांत आणि प्रेमला या जोडप्याने जे काही पदरात पाडून घेतले, त्याला पुण्य म्हणणे कठीण होते.

रमाकांतराव बुलढाण्याच्या कचेरीत कारकून. नऊ वर्षांच्या संसारात बायकोला ते प्रथमच फिरायला नेत होते. नुसते फिरायला नेणे घरात शोभले नसते, म्हणून त्यांनी आईला पूजेचे कारण सांगितले. अन्नपूर्णाबाईंनी ते फारच मनावर घेतले. काठची सात देवळे, उपरण्याला पदराची गाठ, आणि सातवे देऊळ होईपर्यंत गाठ सुटता कामा नये!

प्रेमलाबाईंना देव नको होते असे नाही. पण त्या निघाल्या होत्या ते पाण्यावर उतरणारे लांब पायांचे गुलाबी पक्षी पाहायला. शेजारचे भालचंद्र मास्तर ते पाहून आले होते, आणि तेव्हापासून आळीत दुसरा विषय नव्हता.

चिखली, मेहकर करीत भाड्याची मोटर अकराला पोचली. ड्रायव्हर इंद्रभान म्हणाला, "साहेब, तीनले निघा लागते. गाडीचे दिवे लागत नाहीत."

मग झाडीतून खाली उतरणे, तिथले पुजारी नारायणबुवा यांनी बांधलेली गाठ, आणि देवळामागून देऊळ. वाटेत मोर आडवे गेले. वानरांची अख्खी टोळी फांदीवर बसून या दोघांकडे बघत राहिली. बुवांचे मंत्र मात्र लांबतच होते. चौथ्या देवळात रमाकांतरावांनी खिशातले घड्याळ पाहिले. दीड वाजला होता.

"आता पाण्याकडे," प्रेमला म्हणाली.

"अजून तीन राहिलीत."

"तोवर तीन वाजतील."

"वाजू देत. पक्षी काय, बुलढाण्यालाही आहेत."

"कावळे आहेत! नऊ वर्षांत दोनदा घराबाहेर पडले मी. दोन्ही वेळा बाळंतपणाला. तिथंही कावळेच होते."

"हळू बोल, देवळात आहोत."

"देवानं ऐकावं म्हणूनच बोलतेय. तुम्ही कुठं ऐकता?"

"आईला काय सांगू मी?"

"सांगा, बायकोनं ओढत नेलं."

"हे सांगायचं असतं का?"

प्रेमलाबाई उठून चालू लागल्या, आणि पदराबरोबर उपरणेही चालू लागले. ते खांद्यावरून सोडून देणे रमाकांतरावांना सहज शक्य होते. पण मग पूजा मोडली असती. दोन्ही हातांनी उपरण्याचे टोक धरून ते मागून धावले.

"काऊन पळून राह्यले जी?" बुवा ओरडले. "गाठ सुटली त पूजा बाद!"

"सुटली नाही!" रमाकांतराव धावता धावता ओरडले. "बुवा, सुटली नाही, बघून ठेवा!"

"तुमच्या आईंसाठी साक्षीदार जमवताय?" प्रेमला वळून म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"तुला वाटते का? चारचौघांत नवऱ्याला बैलासारखं..."

"बैल निदान वर्षातून एकदा सजवून मिरवतात. मला कोणी मिरवलं?"

बाभळीचे काटे, मग खारट वासाचा चिखल. त्यात आधी तिची पावले रुतली, मागोमाग त्यांची. देवळाच्या पायरीवर घाईने पायात सरकवलेली रमाकांतरावांची एक वहाण तिथेच राहिली. ती काढायला वाकावे तर उपरणे सुटत होते, म्हणून त्यांनी वहाण सोडली. प्रेमलाबाईंनी ते पाहिले आणि त्यांचा राग दुप्पट झाला.

"वहाण सोडाल, मला सोडाल, उपरणं नाही सोडणार!"

त्या पाण्याशी येऊन थांबल्या. धापा टाकत त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि पार पलीकडच्या काठापर्यंत नजर फिरवली. हिरवट पाणी उन्हात स्वस्थ पडले होते. त्यावर काही हलत नव्हते.

भालचंद्र मास्तर आले होते पौषात. ते पक्षी थंडीत येतात. हा वैशाख होता.