वलगावची बिनछताची खोली

कुर्बान गादीवाल्यानं पोराच्या, फुरकानच्या निकाहासाठी वलगावच्या घरामागं खोली काढली. भिंती उभ्या झाल्या, स्लॅब तेवढा राहिला. तेवढ्यात सरकारनं अतिवेगवान रेल्वेचं नियोजन करायला एक प्राधिकरण काढलं.

आधी मोजणीवाली पोरं आली. खुणेचा दगड त्यांना पलीकडच्या पडीक वावरात गाडायचा होता. ऊन असं की डोकं फुटावं. कुर्बाननं पाहिलं अन् हाक मारली, "बाप्पा, उनात काहून मरता? इकडं निंबाखाली या." ती आली, सरबत प्याली. नकाशा अजून कच्चाच आहे, थोडं इकडंतिकडं चालतं म्हणाली, अन् दगड तिथंच, त्याच्या अंगणात गाडला. खड्डा कुर्बाननंच खोदून दिला. पाहुण्याला सावली द्यायची, ही आमची खोड. सरकार पाहुणं नसतं, हे आमाले कोण शिकवणार?

मग हुकूम आला. दगडाच्या आजूबाजूला प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय बांधकाम बंद. ग्रामसेवकानं स्लॅबचं काम थांबवलं.

कुर्बान अमरावतीला गेला. ऑफिसावर पाटी कोरी करकरीत, खुर्च्यांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. आत एकटे हेमचंद्र बाबू, दुसऱ्या खात्यातून उसने आलेले. दगड हलवा म्हटलं तर ते त्यांच्या हातात नव्हतं. अर्ज घ्या म्हटलं तर आवक-जावकचा शिक्काच आला नव्हता.

शेवटी कुर्बान म्हणाला, "परवानगी नसन द्याची तं नाही म्हना. पोरीवाल्यायले तसं सांगतो."

"नाही म्हणायचा अधिकार अध्यक्षांचा. ते अजून नेमलेले नाहीत."

"मंग बांधकाम कोनं बंद केलं?"

"प्राधिकरणानं."

माणूस त्यात नाही, पण ते तुमचं घर थांबवू शकतं. याले नियोजन म्हणतात.

निकाहाची तारीख पुढं ढकलली, मग आणखी पुढं. अकोल्याहून नवरीचे, तुबाचे अब्बा घर पाहायला आले. खोलीत उभं राहून त्यांनी वर आभाळाकडं पाहिलं. जेवण झाल्यावर म्हणाले, फुरकाननं अकोल्यालाच राहावं, आमच्या दुकानालेही माणूस पाहिजे.

कुर्बानची बायको नसीमबानो दाराआडून बोलली, "एकच पोरगं हाये आमाले, भाईजान."

"मालूम हाये, भाभी. पन माही पोरगी उघड्यात कशी ठेवू?"

त्यांचं काय चुकलं? कोणाचंच चुकलं नाही, अन् ज्याचं चुकलं त्याची नेमणूक व्हायची आहे.

निकाह अकोल्यात झाला. आठवड्यानं फुरकान कपडे न्यायला आला. पेपरात त्या दिवशी छापून आलं होतं, मुंबई आता दोन पावलांवर येणार. नसीमबानो स्टँडवर आली नाही. कुर्बान आला. बस हलेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभा राहिला.

"मी येत जाईन ना, अब्बा," फुरकान म्हणाला.

कुर्बाननं मान हलवली. अन् दांडी सोडली, कारण बस निघाली होती.