ओळखीच्यांपुरतं वाय-फाय

सेफ्टी पिनचं टोक वाकलेलं होतं. पिन टेबलावर उघडीच पडली होती आणि तिच्या शेजारी राउटर — एरवी त्याच्यावर हिरव्या दिव्यांची रांग असायची, आता एकच दिवा, तोही लुकलुकणारा. मधुरिमाने राउटर उलटा केला. मागचं ते बारीकसं भोक… त्यात पिन खुपसून कुणीतरी दाबून धरली होती, आणि कुणीतरी म्हणजे आबासाहेबच, कारण घरात माणसं दोनच, बाप आणि लेक.

“अगं, चिंतामणचा फोन आपल्या वाय-फायला लागतच नाही ना,” आबासाहेब सोफ्यावरून म्हणाले. “तर मी रिसेट मारून दिलं. सोचा, पैले जैसा हो जाएगा.”

पैले जैसा! तिने कपाळाला हात लावला. कसं होणार, आबासाहेब, पहिलं आहे कुठे त्याच्यात? कंपनीने घालून दिलेलं सगळं मी पुसून टाकलंय आणि दुसरी प्रणाली चढवलीय, फुकटची, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेली. व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले, मधे एकदा राउटर मेलाच असं वाटलं, तेव्हा कुठे ती बसली… आणि तुम्ही पिन घातलीत. आता राउटरची कोरी पाटी झाली होती, आणि कोऱ्या पाटीवर वाय-फाय बंदच असतं. सांगून काय उपयोग? ती केबल शोधायला लागली.

हे सगळं तिने हौसेने थोडंच केलं होतं? सांवेर रोडवरच्या एका कारखान्यासाठी ती यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं करायची. आबासाहेब न्हाणीघरात पाय घसरून पडले, त्यानंतर मालकांनी तिला घरून काम करायला परवानगी दिली. आणि मग पावसाळ्यात तिथल्या कम्प्युटरवाल्याचा फोन — मॅडम, तुमच्या घरच्या नेटवरून कुणीतरी आमच्या सर्व्हरचं दार ठोठावतंय, बंद करा, नाहीतर ऑफिसात येऊन बसा. ऑफिसात बसायचं म्हणजे आबासाहेब दिवसभर एकटे, आणि पुन्हा पडले तर उचलायला कोण?

बरं, पासवर्ड काय होता? कुलदैवताचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. विसरायला नको म्हणून! होळकरांच्या फौजेबरोबर आलेली लालबागेमागच्या त्यांच्या गल्लीतली सगळी घराणी, सगळ्यांचा कुलस्वामी खंडोबा, आणि एकमेकांना न विचारता सगळ्यांनी हाच पासवर्ड ठेवलेला. शेजारच्या शिंद्यांचा पाहुणा चुकून यांच्या वाय-फायवर टिचकी मारी आणि ते बिनतक्रार उघडे. तिने हे आबासाहेबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले होते. बघ, म्हणाले, सगळे एकाच विचाराचे. यावर हसावं की रडावं?

मग तिने दारं बंद केली. ज्याचा फोन तिने नोंदवला, त्यालाच प्रवेश. ड्रॉइंगमधली रेषा कुठे उघडी राहिली की तिला चैन पडत नसे, आणि आता घरात एकही रेषा उघडी नव्हती… फक्त चिंतामणराव सोडून. रेल्वेतून रिटायर झालेले चिंतामणराव रोज दुपारी यायचे, त्यांच्यामागून आणखी दोघंतिघं. फोनवर कुणाची भजनं, कुणाची मॅच, कुणाची पुण्यातली नात, प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि चहा मात्र सगळ्यांना एकदम. चिंतामणरावांच्या नव्या फोनला आपली ओळख लपवायची खोड, रोज राउटरला नवीनच नाव सांगायचा. तिने एकदा नोंदवला, पुन्हा नोंदवला, आणि तिसऱ्या खेपेला चार माणसांत म्हणाली, “काका, तुमचा फोन खोटं बोलतो. रोज रोज मी कुणाकुणाला आत घेऊ?” ते हसले. चहा संपवला. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत, आणि ते नाहीत म्हटल्यावर बाकीचेही.

केबल लागली. ती राउटरच्या सेटिंगचं एकेक पान स्क्रीनवर पुन्हा भरत गेली, दात-ओठ खात, कारण सकाळी अकराच्या मीटिंगला फोनच्या नेटवर चेहरा अडकत अडकत बसावं लागलं होतं आणि मालकांनी दोनदा विचारलं होतं, घर पर सब ठीक है ना? भरता भरता ते पान आलं. पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय — साधा पासवर्ड, ज्याला हवं त्याने यावं, फक्त त्यांना तिचा कम्प्युटर दिसणार नाही. चहा उकळेपर्यंत होणारं काम. हे पान तिने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पाहून पुढे गेली होती.

का? वेळ नव्हता… छे, वेळ होता. शांतता हवी होती. दुपारी हॉलमधून येणारं ते खिदळणं, मधू चहा टाक गं, तो चपलांचा ढीग — ते थांबलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं, आणि निमित्ताला कारखाना होताच. तिला स्वतःचाच राग आला, आणि तो राग आबासाहेबांवर काढता येईना म्हणून जास्तच आला.

तिने ते पान भरलं. पासवर्ड तोच ठेवला, खंडोबाचा.

“आबासाहेब, चिंतामणकाकांना बोलवा. आता कुणाचाही फोन लागेल.”

त्यांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर, नेहमीसारखा मोठ्याने. “अरे चिंतामण, चालू झालं बघ. आ जा भिया.”

“नहीं भिया, आता घरीच वाय-फाय लावलं ना मी. पोराने करून दिलं,” पलीकडून आवाज आला. “आणि मधूबाईचं काम चालतं तिकडे, बेकार में डिस्टर्ब कशाला?”

“हां, हां. ते पण आहेच,” आबासाहेब म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. तिला वाटलं, आता चिडतील, काहीतरी लागेलसं बोलतील. त्यांनी बोलावंच म्हणून ती वाट पाहत राहिली. त्यांनी रिमोट उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

“मधू,” ते म्हणाले, “बातम्या लावू का? तुझी मीटिंगबिटिंग असेल तर राहू दे.”

या घरात त्यांनी कधी कुणाला काही विचारून केलेलं तिला आठवेना. लावा ना, ती म्हणाली, मोठ्याने लावा. त्यांनी लावल्या, अगदी हळू आवाजात. आणि मधुरिमा लॅपटॉपसमोर बसून राहिली, त्यांनी आवाज वाढवावा म्हणून कान देऊन.