कुठेच न जाणारा जिना

मित्रांनो, मी एक म्हातारा जिना आहे. पण मला चढून आजवर कुणी कुठेही पोचलेलं नाही. एका बाजूने चार पायऱ्या वर, मग माणूस उभा राहील एवढी रुंद फळी, आणि पलीकडून चार पायऱ्या खाली. वर माडी नाही, गच्ची नाही. ज्या सुताराने मला घडवलं त्यानेही काम संपल्यावर विचारलं होतं, की बाकीचं घर कधी बांधणार.

मी राहतो हॉस्पिटलच्या पुनर्वसन विभागात. अपघातातून, अर्धांगवायूतून वाचलेली माणसं इथे येतात. जीव वाचवायचं काम वरच्या मजल्यांवर होतं. वाचल्यावर पुन्हा उठायचं, जेवायचं, अंघोळ करायची, कामावर जायचं कसं, ते इथे शिकवतात. शिकवणाऱ्यांत मी स्वतःलाही धरतो. पगार नाही, पण रुबाब आहे.

मधली काही वर्षं मात्र माझे हाल झाले. विजेवर चालणारी चकचकीत यंत्रं आली आणि मला कोपऱ्यात सरकवलं गेलं. कुणीतरी माझ्या पायऱ्यांवर हौसेने कुंड्या मांडल्या. मग विभागात नव्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी कुंड्या खिडकीत हलवल्या आणि म्हणाल्या, "पेशंटच्या घरी यंत्र नसतं, जिना असतो." त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की माझी एक पायरी उगाचच कुरकुरली.

मॅडमनी एक प्रथाही पाडली. डॉक्टरकी शिकणाऱ्यांची नवी तुकडी आली, की पेशंटला हात लावण्याआधी प्रत्येकाने एक हात झोळीत बांधायचा, एक गुडघा पट्टीने ताठ करायचा आणि मला चढून उतरायचं. ती गंमत बघण्यासारखी असते. परीक्षेत पहिले आलेले दुसऱ्या पायरीवर घामाघूम होतात. चढताना चांगला पाय आधी, कारण शरीर वर उचलायची ताकद त्याच्यात असते. उतरताना दुखरा पाय आधी, कारण मागे राहिलेला चांगला पाय वजन पेलतो. हे वहीत लिहून घेणारे सगळेच माझ्यावर आल्यावर विसरतात.

अशाच एका तुकडीत एक मुलगी होती. तिला पुस्तकातलं इतकं पाठ असायचं, की मित्रमैत्रिणी तिला डिक्शनरी म्हणत. तिच्याकडे सोपवल्या होत्या शिवणकाम करणाऱ्या एक मावशी. अर्धांगवायूने मावशींचा डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता. पाय आता बराच सुधारला होता, हाताची पकड मात्र आली नव्हती. डिक्शनरीने त्यांना तपासलं आणि मॅडमसमोर घडाघडा सगळं सांगितलं. कुठला स्नायू किती जोर लावतो, कुठला सांधा किती वाकतो, काही सोडलं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मावशींना काय करायचं आहे? तेवढं विचारायचं राहूनच गेलं होतं.

मग तिने विचारलं. मावशींना त्यांच्या घरी जायचं होतं. घर पहिल्या मजल्यावर, खाली त्यांचं शिवणाचं दुकान. एका हाताने कापड कापायचं कसं, हे त्यांना विभागातले लोक शिकवतच होते. लेकीचं म्हणणं मात्र होतं, की आईने आता आपल्याकडे तळमजल्यावर येऊन राहावं. शेवटी असं ठरलं, की मावशी एकट्याने जिना चढल्या-उतरल्या तरच स्वतःच्या घरी जायचं.

झालं, मावशी माझ्या मागे हात धुऊन लागल्या. उजव्या हाताने माझा उजवा कठडा धरायचा, वर यायचं, तोच कठडा धरून पलीकडे उतरायचं. बघता बघता त्या इतक्या सफाईने जाऊ लागल्या, की विभागातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जायचा दिवसही ठरला.

आदल्या दिवशी लेक आली. आईला माझ्यावरून उतरताना तिने कौतुकाने बघितलं, आणि मग तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आमच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे. वर जाताना उजव्या हाताला. उतरताना तो डावीकडे येणार."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला दोन्ही बाजूंना कठडे आहेत, त्यामुळे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसरा कठडा बसवावा तर भिंत अशी भुसभुशीत, की खिळा ठोकायला जावं आणि पोपडा हातात यावा. मावशींनी डाव्या हाताने कठडा धरून पाहिला. बोटं मिटेनात. लेकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, चल ना गं आई माझ्याकडे.

"तुझ्याकडे पाहुणी म्हणून हक्काने येईन," मावशी म्हणाल्या. "कायमची नाही."

मॅडमनी माझा डावा कठडा काढायला लावला. स्क्रू निघताना जरा दुखलं, पण मी चूं केलं नाही. डिक्शनरीने आपणहून डावा हात झोळीत घातला, डावा गुडघा ताठ बांधला आणि ती वर आली. मावशींना घरी उतरावं लागेल तशी आल्या वाटेकडे वळली, तर कठडा डावीकडे! पुढे पाऊल टाकायची हिंमत होईना. बिचारी अडकलीच. शेवटी ती लाजत पुन्हा पाठमोरी झाली, उजव्या हाताने कठडा घट्ट धरला आणि उंच पलंगावरून लहान मूल उतरतं तशी पायाने खालची पायरी चाचपत, बांधलेला पाय आधी टाकत, उलटी उलटी खाली आली. मित्रमैत्रिणी पोट धरून हसले. तीही हसली.

मावशी हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, पुन्हा एकदा उतर बघू तशी."

ती पुन्हा उतरली. मॅडम म्हणाल्या, हेच. मग मावशींच्या कमरेला पट्टा बांधला. त्या वर आल्या, पाठमोऱ्या झाल्या आणि थबकल्या. मागचं दिसत नाही म्हणून डावा पाय फळीच्या कडेपर्यंत यायचा आणि परत जायचा, ते मला कळत होतं. डिक्शनरी खाली पट्टा धरून उभी होती. तिचा दुसरा हात सारखा पुढे होत होता. मॅडमनी तिला हळूच सांगितलं, की तोल जाईपर्यंत ओढायचं नाही, उतरू दे त्यांना. तिने हात मागे घेतला. मावशींचा डावा पाय खाली आला, पायरी शोधली, टेकला. मग उजवा. जमिनीवर पोचल्यावर त्यांनी डिक्शनरीचा गाल ओढला आणि लेकीला म्हणाल्या, माझी पिशवी भर. लेक रडता रडता हसायला लागली. मला तर नाचावंसं वाटत होतं, पण माझ्यासारख्याने नाचू नये.

त्यांचं जाणं थोडं लांबलं, तेवढ्या दिवसांत लेकही खाली उभं राहून पट्टा धरायला शिकली. पुढे पट्ट्याचीही गरज उरली नाही. मग मावशी गेल्या, आणि विभाग पुन्हा आपल्या कामाला लागला.

मित्रांनो, माझ्या पायऱ्यांचं रबर झिजलंय, ते वेळेवर बदला. पुढे बरीच माणसं यायची आहेत. आणि पेशंटला घरी सोडण्याआधी त्याचं घर कसं आहे, ते त्याला विचारा. मावशी नंतर तपासणीला आल्या तेव्हा डिक्शनरी दारापर्यंत धावली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "लेक कुठे आहे? गाडी लावतेय का?"

"ती तिच्या घरी असेल," मावशी म्हणाल्या. "मी माझ्या घरून आलेय."